टेरोसॉरचे चित्र काढताना

टेरोसॉर हे डायनोसॉरच्या काळातील उडणारे सरपटणारे प्राणी. मात्र ते स्वतः डायनोसॉर नव्हते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ते नामशेष झाले. आज जो कोणी हौसेने त्यांचे चित्र काढू पाहतो, त्याच्यापुढे दगडात चेपलेली हाडेच तेवढी असतात.

ती हाडे वाचणे सोपे नाही. जर्मनीतील बव्हेरियात सापडलेल्या सांगाड्याचे वर्णन कोझिमो कोलिनी यांनी १७८४ मध्ये केले, तेव्हा हा प्राणी समुद्रात राहत असावा असे त्यांना वाटले. तो उडत असे, हे फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज कुव्हिए यांनी १८०१ मध्ये ओळखले. पुढे १८४३ मध्ये एडवर्ड न्यूमन यांनी तो चक्क केसाळ वटवाघळासारखा रेखाटला. तो वटवाघूळ नव्हता हे खरे. परंतु त्याच्या अंगावर लव होती, हे नंतरच्या जीवाश्मांनी दाखवून दिले!

नवशिका चित्रकार बहुधा पंखात चुकतो. वटवाघळाच्या पंखाला छत्रीच्या काड्यांप्रमाणे अनेक बोटांचा आधार असतो. टेरोसॉरचा पंख मात्र एकाच बोटावर, अतिशय लांब झालेल्या चौथ्या बोटावर, ताणलेला असे. उरलेली तीन लहान, नखे असलेली बोटे पंखाच्या पुढच्या कडेला मोकळी राहत. पंखाचा पडदा मागील पायापर्यंत पोहोचे आणि त्याच्या आत बळकटी देणारे तंतू असत. म्हणून तो वाळत घातलेल्या ओल्या धोतरासारखा लोंबता काढू नये. जमिनीवर हा प्राणी पंख मिटून चार पायांवर चालत असे. त्याच्या पाऊलखुणांवरून हे कळते. चित्रपटांत तो माणसाला पायांनी उचलून नेतो खरा, पण त्याचे पाय गरुडासारखी पकड घेणारे नव्हते.

आरंभासाठी टेरोडॅक्टिलस निवडावा. तो आकाराने लहान आहे आणि त्याचे जवळजवळ पूर्ण सांगाडे मिळालेले आहेत. प्रथम फिक्या पेन्सिलीने सांगाडा काढावा, बोटे मोजावीत, मग स्नायू भरावेत. पडदा आणि लव सर्वांत शेवटी. रंगाच्या बाबतीत मात्र पुरावा तुटपुंजा आहे. ब्राझीलमधील तुपांडॅक्टिलसच्या जीवाश्मात रंगद्रव्याचे सूक्ष्म कण आढळल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले, परंतु बहुतेक जातींचे रंग आपण कल्पनेनेच भरतो. अशा वेळी भडक लाल-पिवळ्यापेक्षा समुद्रपक्ष्यांचे रंग पाहून घेतलेले बरे, असे मला वाटते.

लंडनच्या एका उद्यानात १८५४ पासून इग्वॅनोडॉन या डायनोसॉरचे पुतळे उभे आहेत. त्यांच्या नाकावर शिंग आहे. ते शिंग नसून अंगठ्याचे हाड होते, हे पुढे पूर्ण सांगाडे मिळाल्यावर समजले. पण तोवर कित्येकांनी शिंगवाला इग्वॅनोडॉनच खरा मानला होता. म्हणून आपल्या चित्राखाली तारीख लिहावी, कोणत्या जीवाश्मावरून ते काढले ते नोंदवावे आणि जे हाड मिळालेले नाही, ते तुटक रेषेने दाखवावे.