खळ्याचा नंबर २७

खळ्याला जगात एक नंबर आहे: २७. शेताचा २१, परसबागेचा २३, शेतकऱ्याच्या घरातल्या धान्यसाठ्याचा २६, बाजाराचा ३०. हे नंबर नृसिंहवाडीच्या खळ्याला जितके लागू, तितकेच इथिओपियातल्या आणि तुर्कस्तानातल्या खळ्यालाही. असलं काही बसून ठरवायला वेळ कुणाला होता? ठरवलं रोममध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या पुढाकाराने. प्रश्न असा होता की, कुणी मूठभर बियाणं गोळा केलं तर ते नेमकं कुठून उचललं, हे जगातल्या सगळ्यांना एकाच रीतीने कसं कळावं?

तुम्ही म्हणाल, शेतातून उचललं काय आणि खळ्यावरून काय, बी तेच. पण जरा विचार करा. उभ्या पिकातली ओंबी खुडली तर तिचं रान कुठलं याबद्दल शंका राहत नाही. खळ्यावर दोन-तीन रानांचा माल एकत्र आलेला असू शकतो. आणि बाजारातलं पोतं कुठल्या गावचं, ते विकणाऱ्यालाही धड सांगता येत नाही. म्हणजे दोन आकड्यांत एवढं सगळं कळतं! पन्नास वर्षांनी, दुसऱ्या खंडात, मराठीचा गंधही नसलेल्या माणसाला त्या बियाण्याच्या पत्त्यावर किती भरवसा ठेवायचा, ते हा नंबर सांगतो.

आता हाच प्रकार नृसिंहवाडीच्या, म्हणजे वाडीच्या, एका धान्यावर लावून बघू. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्तदर्शनाला आलेला माणूस परतताना बासुंदी आणि पेढे नेतो. माझ्या मते या काठाची खरी पुराणवस्तू मात्र खपली गहू आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यात तो अजून पेरतात आणि त्याची गुळाची खीर करतात. मळणी झालेली खपली हातावर घेऊन बघा. साध्या गव्हासारखा मोकळा दाणा दिसणारच नाही. दिसतं ते कडक सालपटाचं टोकदार बोंड, आत बहुधा दोन दाणे पोटाला पोट लावून बसलेले. उखळात सडल्याशिवाय ते बाहेर येत नाहीत. पेरतानाही सालपटासकट पेरतात.

हा हट्टी दाणा किती जुना असेल? पश्चिम आशियात सुमारे १० हजार वर्षांपूर्वी माणसाने जे पहिले गहू पेरले, त्यांत हा होता. फॅरोंच्या इजिप्तमध्ये पाव याचाच होत असे. आज चपातीला वापरतो त्या गव्हाच्या पेशीत ४२ गुणसूत्रं असतात, खपलीत २८. साधा गहू जन्माला आला तोच या घराण्याचा एका रानगवताशी संकर होऊन. म्हणजे आपल्या चपातीचं आजोळ म्हणा हवं तर!

अशा खपलीचा एक नमुना जनुकपेढीत, म्हणजे बियाण्यांचे नमुने जपून ठेवणाऱ्या संस्थेत, जमा करायचा, तर त्याच्यासोबत एक कागद जातो. त्याला जगभर ‘पासपोर्ट’ म्हणतात, पण मला तो बियाण्याचा सातबाराच वाटतो. कुठली जमीन, कुणाच्या ताब्यात, कुठल्या प्रकारची, सगळं ठरावीक रकान्यांत. खळ्याचा २७ हाही त्यातल्याच एका रकान्यातला. हे रकाने २००१ साली प्रसिद्ध झाले आणि २०१२ साली सुधारले गेले. जेमतेम अठ्ठावीस मुख्य रकाने. पेढीच्या नावाचा संकेतांक असतो. दिल्लीच्या पुसा संकुलातल्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोचा आयएनडी००१, हैदराबादजवळच्या इक्रिसॅटचा आयएनडी००२. बियाणं कोणत्या जातकुळीचं, यालाही आकडे आहेत: रानटी असेल तर १००, शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेला गावठी वाण असेल तर ३००, संशोधकांनी घडवलेला असेल तर ५००. वाडीची खपली ३०० मध्ये बसेल.

तारखेचा रकाना मला फार आवडतो. आठ जागा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. महिना आणि दिवस ठाऊक नसेल तर तिथे आडव्या रेघा मारायच्या, अंदाज ठोकायचा नाही. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून लिहायलाही जागा राखून ठेवलेली!

मग येतात अक्षांश-रेखांश. नृसिंहवाडीचे साधारण १६.६९ उत्तर आणि ७४.६० पूर्व. दशांशचिन्हानंतर दोनच आकडे दिले, तर जागा सुमारे एक किलोमीटरने इकडेतिकडे होऊ शकते. दुसरीकडे कुठे ते चालून जाईल. वाडीत? इथे एक किलोमीटर चुकलात तर थेट कृष्णेच्या पात्रात, नाहीतर पलीकडे औरवाडला, नाहीतर पंचगंगा ओलांडून कुरुंदवाडात! काठावरची काळी जमीन वेगळी, वरच्या अंगाची वेगळी, पुराचं पाणी चढतं ते रान वेगळं. ज्या शेतावर दरवर्षी पूर येतो तिथल्या बियाण्यात पाणी सोसायची ताकद असेल का, असा प्रश्न उद्या कुणाला पडला, तर हा रकाना मोलाचा ठरतो. दशांशाचे चार आकडे दिले की चूक अकरा मीटरांवर येते. शिवाय शेजारी आणखी एक रकाना आहे, ही जागा किती मीटरने चुकलेली असू शकते ते लिहायला. आपल्या चुकीचं मापही स्वतःच लिहून ठेवायचं, असा हा प्रामाणिक सातबारा.

एवढा खटाटोप कशासाठी? त्याचं उत्तर खपलीनेच दिलं आहे.

गव्हावर खोडाचा तांबेरा पडतो. बुरशीचा रोग आहे हा, वाऱ्यावर पसरतो आणि डोळ्यांदेखत शेत आडवं करतो. ही बुरशी एक नसते. तिचे अनेक प्रकार, दिसायला सगळे सारखे, पण एक या वाणाला मारतो तर दुसरा त्या. ओळखायचे कसे? अमेरिकेतल्या मिनेसोटात एल्विन स्टॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२२ साली एक झकास युक्ती जगापुढे ठेवली. गव्हाचे बारा वाण शेजारी शेजारी लावायचे आणि सगळ्यांवर तीच बुरशी सोडायची. कोण आजारी पडतं आणि कोण ठणठणीत राहतं, त्या नक्षीवरून बुरशीचा प्रकार ओळखायचा. त्या बारांतल्या एकाचं नाव होतं खपली. भारतातून गेलेला, नंबर सीआय ४०१३. आणि हा बहाद्दर जवळपास कुठल्याच प्रकाराला बधत नव्हता! (हरित क्रांतीचे नॉर्मन बोरलॉग याच स्टॅकमन यांचे विद्यार्थी.)

पुढे ऑस्ट्रेलियात शास्त्रज्ञ वॉटरहाउस यांनी खपलीचा संकर स्टाइनवेडेल नावाच्या तिथल्या गव्हाशी केला. जे आलं त्याला त्यांनी नाव दिलं ‘खपस्टाइन’. मराठी आणि जर्मन नावांचा याहून मजेदार जोड मी तरी पाहिलेला नाही. तांबेऱ्याला रोखणारी एसआर१३ आणि एसआर१४ ही जनुकं खपलीतून ओळखली गेली. भुरी रोगाला अडवणारं पीएम४ए हेही तिच्यातलंच. १९९८ साली युगांडात यूजी९९ नावाचा भयंकर तांबेरा सापडला, जगभरच्या गव्हाची झोप उडाली. त्याच्या मूळ प्रकाराला थोपवणाऱ्या मोजक्या जनुकांत एसआर१३ होतं. त्याची नेमकी रचना शास्त्रज्ञांनी २०१७ साली उलगडली.

आपण जिची खीर करतो, तिच्यात हे सगळं दडलेलं होतं. ते सापडलं, कारण कुणीतरी बियाणं ठेवलं, त्याला नंबर दिला आणि तो नंबर जपला.

पण नंबर जपणं सोपं नसतं, कारण बियाणं फिरतं. एक नमुना अमेरिकेतून ऑस्ट्रेलियाला गेला की तिथली पेढी त्याला स्वतःचा नंबर देते. तिथून ब्रिटनला गेला, तिसरा नंबर. मग नावांचा घोळ. हाच गहू कर्नाटकात सदक, तमिळनाडूत सांबा, गुजरातेत पोपटिया. तुम्हाला वाटेल, शास्त्रीय नाव तरी एक असेल? कुठे ट्रिटिकम डायकॉकम, कुठे डायकॉकॉन, तर कुठे ट्रिटिकम टर्जिडमची उपजात. संगणक बिचारा भोळा. त्याच्या लेखी हे सगळे वेगळे गहू!

याचा परिणाम किती मोठा असावा? अन्न व कृषी संघटनेच्या २०१० च्या अहवालानुसार जगातल्या पेढ्यांत ७४ लाख नमुने होते. त्यांतले खरोखर वेगळे किती? अंदाजे २५ ते ३० टक्के. बाकी सगळी एकमेकांची जुळी भावंडं, वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या नावांनी राहणारी. शीतगृहाची वीज मात्र प्रत्येकाला लागते.

म्हणून पेढ्यांनी आपापले कपाटबंद संगणक एकमेकांना जोडायला घेतले. युरोपातल्या पेढ्यांचा युरिस्को, आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्रांचा सिंगर आणि अमेरिकेचा ग्रिन, हे तीन मोठे साठे जोडून २०११ साली जेनेसिस नावाचं एकच दार उघडलं. आज तिथे ४० लाखांहून अधिक नमुन्यांची माहिती आहे आणि ती कुणीही फुकट चाळू शकतो. यातली गंमत अशी की, माहिती जेनेसिसची नसतेच. ती ज्याची त्याची. नमुना संपला किंवा नाव दुरुस्त झालं, तर मूळ पेढीने कळवायचं. तिने आळस केला की जगभर जुनीच नोंद दिसत राहणार. मालकी शेकडो जणांची आणि दप्तर एक, अशी व्यवस्था चालते हेच मुळात नवल.

जुळ्यांच्या घोळावर उपाय म्हणून २०१७ पासून नमुन्यांना कायमचा आंतरराष्ट्रीय क्रमांक मिळू लागला, शोधनिबंधांना मिळतो तसा. नाव बदलो, पेढी बदलो, तो क्रमांक बदलत नाही.

या दप्तराची खरी परीक्षा सीरियात झाली. अलेप्पोजवळच्या इकार्डा संस्थेकडे गव्हा-जवाचे पुरातन वाण होते आणि देशात युद्ध पेटलं. पण बियाण्याच्या प्रती नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या बर्फाळ भांडारात आधीच पोचलेल्या होत्या. पासपोर्टात त्याचाही रकाना आहे, ‘सुरक्षित प्रत कुठे’, आणि स्वालबार्डचा संकेतांक आहे एनओआर०५१. २०१५ साली इकार्डाने तिथून सुमारे ३८ हजार नमुने परत मागवले आणि लेबनॉन व मोरोक्कोत पेरून नवं बी तयार केलं. नुसत्या पेट्या वाचल्या असत्या आणि कशात काय आहे हे सांगणारी नोंद बुडाली असती, तर काय उपयोग होता?

वाडीला हे समजावून सांगावं लागणार नाही. इथे पाणी चढलं की देवाच्या पादुकांवरून वाहून दक्षिणद्वारातून बाहेर पडतं, आणि त्या पाण्यात स्नान करायला लोक धावत येतात. पण २००५, २०१९, २०२१ सारखा पूर आला की घरंच्या घरं पाण्यात जातात, आणि कणगीतलं बियाणं भिजलं तर पुढच्या रब्बीला पेरायचं काय?

आपल्याकडे राष्ट्रीय जनुकपेढीत साडेचार लाखांच्या आसपास नमुने आहेत. भारतात गोळा केलेल्यांच्या नंबरामागे आयसी, परदेशातून आलेल्यांच्या मागे ईसी. २०११-१२ च्या रब्बीत तर या पेढीच्या मंडळींनी हिसारच्या कृषी विद्यापीठात गव्हाचे सुमारे २२ हजार नमुने एकाच हंगामात पेरून तपासले. २२ हजार गहू शेजारी शेजारी! महाराष्ट्रानेही एप्रिल २०२२ मध्ये स्वतःच्या जनुककोश प्रकल्पाला मंजुरी दिली, पाच वर्षांसाठी १७२ कोटी रुपये. त्यात स्थानिक पिकांच्या वाणांपासून देशी गाई-बैल आणि सागरी जीवांपर्यंत सगळं आहे. माझं मत विचाराल तर अशा प्रकल्पाने पहिल्या दिवसापासून नोंदी त्या अठ्ठावीस रकान्यांतच भराव्यात. नाहीतर आपली नोंद आपल्यापुरतीच राहील आणि जुळ्यांत आणखी भर पडेल.

अर्थात या सगळ्या व्यवस्थेलाही मर्यादा आहेत. २००४ साली अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय बियाणे करारात ६४ पिकांची यादी आहे, जिच्यातल्या पिकांचं बियाणं सामाईक नियमांनी द्यायचं-घ्यायचं. गहू तिच्यात आहे, वांगंही आहे, म्हणजे कृष्णाकाठच्या वांग्यांना जागा मिळाली. वाडीचा शिरोळ तालुका ज्याने व्यापला तो ऊस मात्र नाही! सोयाबीनही नाही. यादी शास्त्राने कमी आणि देशांच्या घासाघिशीने जास्त ठरली.

आणि जनुकपेढीत खपलीची उंची नोंदवतात, पक्व व्हायला लागणारे दिवस, दाण्याचं वजन, तांबेऱ्याचे डाग. सडलेली खपली रात्रभर भिजून दुसऱ्या दिवशी गुळात शिजल्यावर दाणा अख्खा राहतो की मेण होतो, याला आकडा नाही. कृष्णाकाठी ती अजून पेरली जाते ती खिरीसाठी, तांबेऱ्याच्या जनुकासाठी कुणी पेरत नाही. पण अठ्ठाविसावा रकाना ‘शेरा’ असा आहे, आणि जे कुठल्याच आकड्यात बसत नाही ते तिथे लिहिता येतं.