विश्लेषण : परदेशात शिकताना लॅपटॉपवर केलेली कमाई व्हिसावर का बेतू शकते?

काम भारतातल्या ग्राहकाचे आणि पैसे नाशिकच्या खात्यात, तरी नियम लागू होतो तो तुम्ही ज्या देशात बसला आहात त्या देशाचा. कोणत्या देशात काय चालते, पैसे घेताना चुका कुठे होतात आणि निघण्यापूर्वी घरच्यांनी काय करावे?

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून वेबसाइट बनवणे, व्हिडिओ एडिटिंग, लोगो डिझाइन, ऑनलाइन शिकवणी अशी कामे करून हातखर्च काढणारी मुले नाशिकमध्ये कमी नाहीत. त्यातलीच काही ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एमएस किंवा मास्टर्ससाठी विमानात बसतात. लॅपटॉप तोच असतो, ग्राहक तेच असतात, पैसे येण्याचे खातेही तेच राहते. बदलतो तो फक्त देश. आणि सगळी अडचण तिथेच सुरू होते.

समजा, इंदिरानगरमधला एक विद्यार्थी अमेरिकेत शिकतो आहे. रात्री खोलीवर बसून तो पुण्यातल्या एका छोट्या कंपनीची वेबसाइट सांभाळतो. महिन्याचे २५ हजार रुपये आईच्या खात्यात जमा होतात. डॉलरचा संबंध नाही, अमेरिकेतल्या कोणाची नोकरी घेतलेली नाही. घरच्यांना यात गैर काय ते दिसत नाही. तरीही हे उदाहरण त्याचा व्हिसा धोक्यात आणणारे आहे.

नेमका प्रश्न काय?

विद्यार्थी व्हिसा शिकण्यासाठी दिलेला असतो. काम करण्याची परवानगी ही त्यातली मर्यादित सवलत असते. बहुतेक देशांत पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘काम करताना तुम्ही कुठे होता?’ हा. पैसे कोणत्या देशातून आले, कोणत्या चलनात आले, कोणाच्या खात्यात गेले, हे नंतरचे प्रश्न. त्यामुळे आईचे किंवा भावाचे खाते पुढे केल्याने नियम बदलत नाही. उलट कागदोपत्री गुंता वाढतो.

अमेरिकेत काय नियम आहेत?

‘ओपन डोअर्स’ अहवालानुसार २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३ लाख ३१ हजार ६०२ भारतीय विद्यार्थी होते. यातले बहुतेक जण एफ-१ व्हिसावर जातात. या व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. आवाराबाहेरच्या कामासाठी सीपीटी किंवा ओपीटी अशी वेगळी परवानगी लागते आणि ते काम अभ्यासक्रमाशी संबंधित असावे लागते.

अमेरिकेबाहेरच्या ग्राहकासाठी केलेल्या ऑनलाइन कामाला नियमांत वेगळी सूट लिहिलेली नाही. म्हणून तिथल्या विद्यापीठांची आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालये साधारणपणे ‘परवानगीशिवाय करू नका’ असाच सल्ला देतात. यातली सर्वांत कठोर बाब पुढे आहे. एफ-१ दर्जा काही कारणाने गेला, तर तो परत मिळवण्यासाठी अर्ज करता येतो. पण विनापरवाना काम केलेले नसणे ही त्या अर्जाची अटच आहे. म्हणजे इतर चुकांना जो दरवाजा उघडा असतो, तो या चुकीला बंद असतो.

पदवीनंतरच्या १२ महिन्यांच्या ओपीटीमध्ये अभ्यासक्रमाशी संबंधित स्वयंरोजगार चालतो. त्यानंतरच्या २४ महिन्यांच्या ‘स्टेम’ मुदतवाढीत मात्र नियमानुसार नोंदणी असलेला मालक लागतो. स्वतःच स्वतःचा मालक होता येत नाही.

मुदत ठेवीचे व्याज, शेअरचा लाभांश, घरभाडे अशी गुंतवणुकीची मिळकत काम मानली जात नाही. यूट्यूबवर नवे व्हिडिओ करून जाहिरातींचे पैसे घेणे त्या रांगेत बसवता येत नाही.

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये?

ब्रिटनमध्ये पदवी किंवा त्यापुढच्या अभ्यासक्रमाला सत्रकाळात आठवड्याला २० तास काम करता येते. आठवडा सोमवार ते रविवार असा मोजतात. या आठवड्यात २५ आणि पुढच्या आठवड्यात १५ तास, अशी सरासरी काढता येत नाही.

मोठा खड्डा आहे तो स्वयंरोजगाराचा. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला पूर्ण बंदी आहे. फ्रीलान्सिंग म्हणजे स्वयंरोजगारच. त्यामुळे ‘आठवड्याला फक्त तीन तास लोगो बनवतो’ हे उत्तर उपयोगाचे नाही. तिथे तासांचा प्रश्नच येत नाही, कामाचा प्रकारच चालत नाही. शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या ‘ग्रॅज्युएट’ व्हिसावर स्वयंरोजगार करता येतो. आयर्लंडमध्येही विद्यार्थ्यांना सत्रात २० तास नोकरीची मुभा आहे, स्वयंरोजगाराची नाही.

कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जर्मनी?

कॅनडा : नोव्हेंबर २०२४ पासून सत्रकाळात आवाराबाहेर आठवड्याला २४ तास काम करता येते. कॅनडाबाहेरच्या मालकासाठी ऑनलाइन केलेले काम या २४ तासांत धरले जात नाही, पण शिक्षण नियमित चालू असले पाहिजे. म्हणजे वर दिलेले इंदिरानगरच्या मुलाचे उदाहरण कॅनडात बसू शकते, अमेरिकेत नाही. कॅनडातल्या ग्राहकांसाठीच्या फ्रीलान्स कामाचे तास मात्र मोजून ठेवावे लागतात. ही मर्यादा कागदावरची नाही. तासांची मर्यादा ओलांडून ट्रक चालवणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्याला २०१९ मध्ये शिक्षण झाल्यानंतरही देश सोडावा लागला होता.

ऑस्ट्रेलिया : जुलै २०२३ पासून सत्रकाळात पंधरवड्याला ४८ तास. स्वयंरोजगारासाठी ‘एबीएन’ हा व्यवसाय क्रमांक घेता येतो. पण तो मिळाला म्हणजे तासांची अट सुटली असे नाही. डिलिव्हरी अ‍ॅपवरचे तासही त्याच ४८ मध्ये येतात.

जर्मनी : मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस नोकरी करता येते. फ्रीलान्स कामासाठी मात्र तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. आधी अर्ज, मग काम.

हे कळते तरी कसे?

‘ऑनलाइन काम कोण बघतंय?’ हा समज आता जुना झाला आहे. युरोपीय संघात २०२३ पासून आणि ब्रिटनमध्ये २०२४ पासून ऑनलाइन कामाचे प्लॅटफॉर्म आपल्यामार्फत कमावणाऱ्यांची माहिती करखात्याला कळवतात. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातही अशाच तरतुदी आल्या आहेत.

दुसरा मार्ग तुमच्याच हाताने तयार होतो. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात मागील पाच वर्षांतल्या समाजमाध्यमांवरील खात्यांची नावे विचारली जातात. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना ही खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगितले जाते. लिंक्डइनवर ‘गेली दोन वर्षे फ्रीलान्स डेव्हलपर’ असे लिहायचे आणि अर्जात ‘काम केले नाही’ असे सांगायचे, हा विरोधाभास अधिकाऱ्याला दोन मिनिटांत दिसतो.

पैसे नाशिकच्या खात्यात घेतले तर?

इथे भारतीय कायदा सुरू होतो आणि तो बहुतेक घरांत माहीत नसतो. शिकण्यासाठी परदेशी गेलेले विद्यार्थी परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार, म्हणजे ‘फेमा’नुसार, अनिवासी मानले जातात, असे रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २००३ मध्येच स्पष्ट केले आहे. अनिवासी व्यक्तीने भारतातले साधे बचत खाते तसेच चालू ठेवायचे नसते. बँकेला कळवून ते एनआरओ खात्यात बदलून घ्यावे लागते. यूपीआयची चिंता असेल, तर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियासह काही देशांचे मोबाइल क्रमांक एनआरओ आणि एनआरई खात्यांना जोडण्याची मुभा २०२३ मध्ये मिळालेली आहे.

आईच्या खात्यात पैसे घेतल्यास दुसरा गुंता होतो. पुण्यातल्या कंपनीने टीडीएस कापला, तर तो आईच्या पॅनवर दिसतो. प्राप्तिकर खात्याच्या नोंदीत वेबसाइट आईने बनवलेली असते. परदेशी ग्राहकाकडून आलेली रक्कम बँकेत ‘कुटुंबाच्या खर्चासाठी’ या सदरात दाखवणे हाही तसाच चुकीचा शॉर्टकट. परदेशातून येणाऱ्या रकमेचे कारण बँक एका ठरावीक कोडने नोंदवते. कामाचा मोबदला असेल तर तो त्याच कोडने यायला हवा.

पेपाल आणि अ‍ॅडसेन्सचे काय?

पेपाल खात्याचा देश नंतर बदलता येत नाही. देश बदलला की तिथले नवे खाते उघडावे लागते. भारतीय पत्त्याचे खाते परदेशातून चालवत राहिले, तर पडताळणीच्या वेळी व्यवहार अडकू शकतात. शिवाय ग्राहकाला पेपालवर १८० दिवसांपर्यंत तक्रार करता येते. काम देऊन, पैसे खर्चून झाल्यावरही रक्कम उलटी जाऊ शकते. म्हणून करार, ई-मेल आणि काम सुपूर्द केल्याचा पुरावा जपून ठेवावा.

गुगलच्या अ‍ॅडसेन्सचा देशही बदलत नाही. यूट्यूबवर कराची माहिती भरलेली नसेल, तर जगभरच्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. भारतातले करनिवासी म्हणून माहिती भरलेली असेल, तर अमेरिकी प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवर करारानुसार १५ टक्के. पण तुम्ही राहायला दुसऱ्या देशात गेलात, तर जुनी घोषणा तशीच ठेवणे म्हणजे चुकीची माहिती देणे.

प्राप्तिकराचा वेगळाच हिशेब

फेमाने अनिवासी ठरवले म्हणजे प्राप्तिकरातही अनिवासी झालो, असे नाही. समजा, विद्यार्थिनी २० ऑगस्टला निघाली. १ एप्रिलपासून तिचे भारतात १४२ दिवस झाले. आधीच्या चार वर्षांत ती इथेच होती. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या भारतीयांना त्या वर्षी १८२ दिवसांची सवलत मिळते. शिक्षणासाठी जाणाऱ्यांना ती सरसकट मिळत नाही आणि ६० दिवसांची अट लागू होऊ शकते. तसे झाले तर त्या आर्थिक वर्षात ती निवासीच ठरते आणि मार्चपर्यंत परदेशात कमावलेलेही भारतातल्या विवरणपत्रात दाखवावे लागते. तिथे भरलेल्या कराची वजावट करारानुसार मागता येते.

पुढच्या वर्षी ती अनिवासी होते. तेव्हा भारतात थेट जमा झालेली कमाई ‘भारतात मिळालेले उत्पन्न’ म्हणून करपात्र ठरू शकते. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य करणारी सूट फक्त निवासींना आहे. अनिवासीला ४ लाखांची मूळ मर्यादाच मिळते.

दोन वर्षांनी परत आल्यावरही एक काम उरते. इतक्या कमी काळासाठी बाहेर राहिलेले बहुतेक विद्यार्थी लगेच पूर्ण निवासी ठरतात. तिथले बँक खाते चालू ठेवले असेल, तर शिल्लक कितीही कमी असो, ते विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावे लागते.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची अदलाबदल

‘मला ५०० पौंड हवेत, माझे बाबा तुझ्या बाबांना रुपये पाठवतील.’ विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर असे संदेश सर्रास दिसतात. बँकेचे शुल्क वाचते, म्हणून कोणाला वावगे वाटत नाही. पण अधिकृत बँक किंवा विक्रेत्याला वगळून चलनाची अशी देवाणघेवाण फेमात बसत नाही. उल्लंघनाला रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. समोरून आलेला पैसा फसवणुकीचा निघाला, तर नाशिकमधल्या वडिलांचे खाते गोठते.

‘तुझ्या खात्यात पैसे येतील, दहा टक्के ठेवून बाकीचे पुढे पाठव’ ही ऑफर तर ऑनलाइन कामाच्या नावाखाली चालणारी सरळ गुन्हेगारी आहे. ब्रिटनमध्ये अशा प्रकारे खाते वापरू दिल्यास १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भारतातल्या खात्याबाबत असा प्रकार लक्षात आल्यास १९३० या हेल्पलाइनवर किंवा सायबर पोलीस ठाण्यात लगेच तक्रार करावी.

मग काय करावे?

• निघण्यापूर्वी चालू फ्रीलान्स कामे पूर्ण करा, बिले द्या आणि पैसे भारतात असतानाच वसूल करा.
• बँकेत जाऊन बचत खाते एनआरओमध्ये बदलण्याचा अर्ज द्या. पालकांपैकी एकाला व्यवहाराचे अधिकारपत्र देऊन ठेवा.
• विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला ई-मेलने विचारा : ‘हे काम, या ग्राहकासाठी, इतके तास. चालेल का?’ लेखी उत्तर जपून ठेवा. सीनिअर विद्यार्थ्याचे ‘सगळेच करतात’ हे उत्तर व्हिसा अधिकाऱ्यापुढे चालत नाही.
• परवानगी असलेल्या कामाचे तास, पावत्या आणि बँक नोंदी महिन्यागणिक ठेवा.
• निघण्याच्या वर्षी आणि परतण्याच्या वर्षी सीएचा सल्ला घ्या. ही दोनच वर्षे सर्वांत गुंतागुंतीची असतात.
• नियमबाह्य काम आधीच झाले असेल, तर ते थांबवा आणि पुढचा कोणताही अर्ज भरण्यापूर्वी त्या देशातल्या इमिग्रेशन वकिलाशी बोला. अर्जात खोटे लिहिणे ही मूळ चुकीपेक्षा मोठी चूक ठरते.

शिक्षणकर्ज काढून, कधी प्लॉट किंवा द्राक्षबाग गहाण ठेवून पाठवलेल्या मुलाला घरी पैसे मागायला संकोच वाटतो. वरकमाईमागे बहुतेक वेळा तोच संकोच असतो. म्हणून राहण्या-जेवणाचा महिन्याचा खर्च कोठून भागणार, हे निघण्यापूर्वीच घरात मोकळेपणाने ठरलेले बरे. महिन्याच्या २५ हजारांसाठी पूर्ण पदवीचा खर्च पणाला लावण्याची वेळ मग येत नाही.