बंदिस्त मनोरुग्णालयांतील धोक्याचा अंदाज

मनोविकारानें ग्रासलेला मनुष्य म्हणजे अंगावर धांवून येणारा मनुष्य, अशी समजूत सुशिक्षित कुटुंबांतूनही आढळते. वस्तुतः बहुसंख्य मनोरुग्ण कोणाच्याही वाटेस जात नाहींत. परंतु ज्यांच्या हातून आजाराच्या भरांत गंभीर गुन्हे घडले, अशा रुग्णांसाठीं कडक बंदोबस्ताचीं स्वतंत्र रुग्णालयें असतात. इंग्लंडमध्यें १८६३ सालीं उघडलेलें ब्रॉडमूर हें त्यांपैकीं एक जुनें व प्रसिद्ध. अशा ठिकाणीं एक प्रश्न रोज उभा राहतो: आज कोणाच्या हातून हिंसा घडण्याचा संभव आहे? 'कोणाच्याही नाहीं' हें उत्तर चुकलें, तर परिचारिकेच्या जिवावर बेततें. 'अमक्याच्या' हें उत्तर चुकलें, तर त्या रुग्णाचें स्वातंत्र्य विनाकारण जातें.

ही दुसरी चूक किती मोठी असूं शकते, याचा धडा अमेरिकेंत मिळाला. जॉनी बॅक्स्ट्रॉम नांवाच्या कैद्याची शिक्षा १९६१ सालीं संपली, तरी न्यू यॉर्क राज्यानें त्यास तुरुंगवजा मनोरुग्णालयांतच ठेविलें. १९६६ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ही पद्धति घटनेविरुद्ध ठरविली, आणि साडेनऊशेंहून अधिक रुग्णांना साध्या मनोरुग्णालयांत हलवावें लागलें. डॉक्टरांच्या लेखीं हे सारे धोकादायक! प्रत्यक्षांत पुढील चार वर्षांत त्यांतले अगदीं थोडे रुग्ण बंदोबस्तांत परत पाठवावे लागले. अनुभवी माणसाच्या मनाचा कौल एकटा पुरेसा नाहीं, हें यावरून उघड झालें.

म्हणून पुढें ठराविक कसोट्या तयार झाल्या. कॅनडांत १९९५ सालीं निघालेल्या 'एचसीआर-२०' या कसोटींत वीस मुद्दे आहेत: दहा गतायुष्याचे, पांच सध्यांच्या मनःस्थितीचे व पांच पुढील परिस्थितीचे. गतकाल बदलतां येत नाहीं. मनःस्थिति व परिस्थिति यांवर मात्र इलाज चालतो, हेंच तिचें मर्म होय.

ही कसोटी दीर्घ काळासाठीं. उद्यांपुरता अंदाज बांधण्यास दुसरी आहे. ती नॉर्वेमधील ब्रोसेट येथील बंदिस्त रुग्णालयांतील निरीक्षणांतून निघाली. परिचारिका प्रत्येक पाळींत सहा गोष्टी पाहते: गोंधळलेपणा, चिडखोरपणा, दांडगाई, तोंडी धमकी, अंगावर जाण्याचा आविर्भाव आणि वस्तूंची आदळआपट. प्रत्येकीस एक गुण. शून्य असल्यास धोका अल्प, एक-दोन असल्यास मध्यम, त्याहून अधिक असल्यास मोठा. आणि हा अंदाज चोवीस तासांपुरताच. यांत एक मार्मिक नियम आहे. परिचित रुग्ण मुळांतच चिडखोर असेल, तर त्याच्या नेहमीच्या चिडचिडीस गुण नाहीं. ती वाढली तरच एक गुण. म्हणजे माणसाची तुलना त्याच्या स्वतःशींच करावयाची.

गुण वाढले म्हणून रुग्णास लगेच कोंडावयाचें नसतें. त्याची तक्रार ऐकून घ्यावी, गर्दी-गलबल्यापासून दूर न्यावें, औषधयोजना तपासावी. स्वित्झर्लंडमधील चौदा मनोरुग्ण-कक्षांचा अभ्यास २००८ सालीं प्रसिद्ध झाला. तेथें ब्रोसेट कसोटी नित्य वापरलेल्या कक्षांत गंभीर हल्ले शेंकडा ४१ नीं व सक्तीचे उपाय शेंकडा २७ नीं घटले. परिचारिकेची सुरक्षितता आणि रुग्णाचें स्वातंत्र्य हीं दोन्ही एकदम वाढूं शकतात, हें येथें दिसून आलें.

तथापि अंदाज म्हणजे भविष्य नव्हे. तीन गुण मिळालेले पुष्कळ रुग्ण हात उगारीतही नाहींत. गुण हे मदतीस वेळेवर धांवण्याची सूचना होत. कपाळीं मारलेला शिक्का नव्हेत. ज्या रुग्णालयास हा भेद कळला, तेथें कुलपांची गरज आपोआप कमी होते.