तिसरा आणि दोनशे बासष्टावा

२६ मार्च २०२१ रोजी अमेरिकन फुटबॉलमधल्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या संघाने मायामीशी सौदा केला. मायामीकडून ड्राफ्टमधल्या तिसऱ्या निवडीचा हक्क घेतला आणि बदल्यात आपली त्या वर्षीची बारावी निवड, २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षांच्या पहिल्या फेरीतल्या निवडी, शिवाय वर तिसऱ्या फेरीतली एक निवड देऊन टाकली. हे सगळं एका पोरासाठी. तो कोण, यावर महिनाभर पैजा लागल्या. एप्रिलअखेर नाव जाहीर झालं: ट्रे लान्स, नॉर्थ डकोटा स्टेट विद्यापीठाचा क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रं सांभाळून चेंडू फेकणारा खेळाडू), वय वर्षं वीस.

पुढच्याच वर्षी याच संघाने, प्रशिक्षक काइल शानाहान आणि जनरल मॅनेजर जॉन लिंच या त्याच जोडीने, आयोवा स्टेटचा ब्रॉक पर्डी निवडला. तो २६२वा होता, म्हणजे त्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा. या शेवटच्या खेळाडूला तिथे ‘मिस्टर इररेलेव्हंट’ म्हणून थट्टेने मिरवतात.

लान्सला फोर्टीनाइनर्सकडून सुरुवातीपासून खेळायला मिळाले ते चार सामने. ऑगस्ट २०२३ मध्ये चौथ्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात त्याची रवानगी डॅलसला झाली. पर्डी फेब्रुवारी २०२४ मध्ये संघाला सुपर बोल या अंतिम लढतीपर्यंत घेऊन गेला आणि मे २०२५ मध्ये त्याने पाच वर्षांसाठी २६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. पारख करणारी माणसं तीच, गरज तीच आणि मध्ये अंतर जेमतेम वर्षभराचं. मग हा प्रकार काय?

आधी थोडं ड्राफ्टविषयी. आपल्याला आयपीएलचा लिलाव ठाऊक आहे. तिथे ज्याची थैली जड त्याची बोली मोठी. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये बोली नसते. ३२ संघ रांगेत उभे राहतात, आदल्या हंगामात सर्वांत वाईट खेळलेला संघ सर्वांच्या पुढे, आणि सात फेऱ्यांमध्ये पाळीपाळीने महाविद्यालयांतून बाहेर पडणारे खेळाडू उचलतात. वरची पाळी विकत घ्यायची तर आपल्या पुढच्या पाळ्या द्याव्या लागतात. २०११ च्या करारापासून नवोदितांचा पगार निवडीच्या क्रमांकावर बांधलेला आहे. त्यामुळे चांगला क्वार्टरबॅक ड्राफ्टमध्ये मिळाला, तर चार वर्षं तो बाजारभावाच्या मानाने फुटकळ पैशांत खेळतो आणि वाचलेल्या रकमेत बाकीचा संघ उभा करता येतो. फोर्टीनाइनर्सचा उतावळेपणा या हिशेबातून आला होता. म्हणूनच दर वसंतात शहाणीसुरती माणसं एखाद्या क्वार्टरबॅकसाठी घरदार गहाण टाकायला निघतात.

आता क्वार्टरबॅकचं काम जरा जवळून पाहू. दोन चालींमध्ये चाळीस सेकंदांचं घड्याळ चालू असतं. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज येतो आणि घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो तोडला जातो. तोवर त्याला चालीचं लांबलचक सांकेतिक नाव ऐकून, घोळक्यातल्या दहा जणांना न अडखळता सांगून रेषेवर यायचं असतं. समोर बचावफळी. सर्वांत मागे एक जण उभा आहे की दोन? कोण चाल करून येणार आणि कोण नुसतं तसं भासवतोय? त्यानुसार तो आपल्या अडवणाऱ्यांना सरकवतो, वेळ पडली तर चालच बदलतो. चेंडू हातात येतो आणि त्याच क्षणी मागचे दोघे जागा बदलतात. आतापर्यंत वाचलेलं सगळं खोटं ठरतं. यानंतर साधारण अडीच सेकंद. त्यात पहिला रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, पाहायचा, तो अडकला असेल तर दुसरा, मग तिसरा, आणि शंभर-सव्वाशे किलोचे गडी अंगावर येत असताना चेंडू अशा जागी टाकायचा जिथे रिसीव्हर अजून पोहोचलेलाही नसतो. तो मोकळा दिसल्यावर फेकायचं म्हटलं, तर उशीर झालेला असतो.

महाविद्यालयात हे काम वेगळ्याच रीतीने होतं. कित्येक संघ घोळका करतच नाहीत. चालीआधी सगळे मान वळवून सीमारेषेकडे पाहतात. समोरचा बचाव प्रशिक्षकच वाचतो आणि खाणाखुणांनी चाल कळवतो. हेल्मेटमधला आवाज तिथे आला तो २०२४ मध्ये. मैदानाची आखणीसुद्धा निराळी आहे. चाल जिथून सुरू होते त्या आतल्या खुणांच्या दोन ओळींमधलं अंतर महाविद्यालयात ४० फूट, एनएफएलमध्ये साडेअठरा. त्यामुळे महाविद्यालयात चेंडू पुष्कळदा एका कडेला असतो, दुसऱ्या बाजूला भलं मोठं रान मोकळं पडतं आणि बचावाची ओढाताण होते. त्यात अलाबामा किंवा ओहायो स्टेटसारखं बडं विद्यापीठ असेल, तर रिसीव्हर समोरच्यापेक्षा इतके सरस असतात की ते पाच-पाच पावलं सुटलेले दिसतात. व्यावसायिक सामन्यात अर्धं पाऊल सुटला म्हणजे मोकळा समजायचा. म्हणजे पुढे ज्या गोष्टीवर पोट चालणार, तीच महाविद्यालयीन सामन्यांच्या चित्रफितींत सर्वांत कमी दिसते. डोळ्यांत तेल घालून शंभर तास पाहिल्या, तरी जे घडलंच नाही ते कसं दिसणार?

मग जे मोजता येतं ते मोजलं जातं. दरवर्षी हिवाळा सरताना इंडियानापोलिसला ‘कम्बाइन’ नावाची तपासणी भरते. तिथे उंची, वजन, चाळीस यार्डांची धाव, उभी उडी यांची नोंद होते. क्वार्टरबॅकच्या बाबतीत तर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत तळहातसुद्धा पट्टीवर ठेवतात. टॉम ब्रॅडी २००० साली चाळीस यार्ड ५.२८ सेकंदांत धावला, म्हणजे रमतगमतच. त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले आणि तो १९९वा गेला. पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले. क्वार्टरबॅक जो बरोचा हात नऊ इंच भरला, तेव्हा एवढ्याशा हातातून चेंडू निसटेल म्हणून आपण निवृत्तीचा विचार करतोय, असा विनोद त्याने स्वतःच केला. २०२० मध्ये पहिली निवड त्याचीच झाली, आणि हात आड आला नाही.

डोकं मोजण्याचेही प्रयोग झाले. बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची वंडरलिक चाचणी कम्बाइनमध्ये वर्षानुवर्षं घेतली जायची. २०२२ पासून ती बंद झाली. त्यानंतर निर्णयाचा वेग मोजणाऱ्या एस-टू नावाच्या चाचणीची चलती आली. २०२३ मध्ये क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउडचे त्यातले अगदी कमी गुण बाहेर फुटले आणि बरीच कुजबुज झाली. त्या वर्षी पहिला गेला ब्राइस यंग, दुसरा स्ट्राउड. स्ट्राउड आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरला, तर यंगला दुसऱ्या हंगामात दोन सामन्यांनंतरच बाकावर बसवलं.

जुने प्रशिक्षक बिल पार्सेल्स यांचे म्हणून काही नियम सांगितले जातात: पोरगा शेवटच्या वर्षाचा असावा, तीन वर्षं मुख्य क्वार्टरबॅक राहिलेला असावा, किमान २३ सामने जिंकलेले असावेत. मला हे नियम तळहाताच्या पट्टीपेक्षा शहाणे वाटतात. पुष्कळ खेळलेल्या पोराची खोड लपत नाही, एवढं साधं तत्त्व त्यामागे आहे. चार वर्षं खेळलेला पर्डी त्यात बसत होता. लान्सने महाविद्यालयात सुरुवातीपासून खेळलेले सामने सतराच, फेकलेले पास एकूण ३१८. २०१९ मध्ये २८ टचडाउन आणि एकही चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती नाही, असे डोळे दिपवणारे आकडे होते खरे. पण ते दुय्यम श्रेणीत. पुढच्या वर्षी करोनामुळे एकच सामना झाला. शितावरून भाताची परीक्षा करतात, पण इथे शितंही मोजकीच होती. अर्थात पार्सेल्सच्या नियमांनी पुढे अव्वल क्वार्टरबॅक ठरलेला पॅट्रिक महोम्सही बाद झाला असता. टेक्सस टेकमध्ये तो जिंकला १३ सामने, हरला १६. २०१७ मध्ये शिकागोने दुसऱ्या क्रमांकावर मिचेल ट्रुबिस्की घेतला, महोम्स दहावा गेला.

अर्थतज्ज्ञांनीही यात हात घालून पाहिला. डेव्हिड बेरी आणि रॉब सिमन्स यांनी हिशेब मांडला, की वरच्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकला खेळायला जास्त मिळतं, पण दर चालीमागची कामगिरी पाहिली तर क्रमांकाचा संबंध फारसा उरत नाही. यात एक मेख आहे. खालून आलेल्यांपैकी मैदानात उतरतात ते निवडक चांगलेच. बाकीचे आकडेवारीत येतच नाहीत. तेव्हा खेळाडू हेरणारे स्काउट अगदीच आंधळे, असा निष्कर्ष काढणं घाईचं ठरेल.

माझ्या मते खरी चूक निवडीइतकीच निवडीनंतरही होते. १९९८ मध्ये पेटन मॅनिंग की रायन लीफ यावर जाणकारांत दोन तट होते. मॅनिंग पहिला गेला आणि पहिल्या हंगामात त्याचे २८ पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडले. संघ १६ पैकी १३ सामने हरला. तरी इंडियानापोलिसने त्याला हलवलं नाही. लीफचा सॅन दिएगोतला संसार मात्र लवकरच मोडला. कॅन्सस सिटीविरुद्धच्या एका सामन्यात पंधरापैकी एकच पास पूर्ण, मिळवलेले यार्ड चार. जॉश ॲलनचे वायोमिंगमध्ये शंभरातले जेमतेम ५६ पास पूर्ण होत. आकडेवाले त्याच्या विरोधात होते आणि बफलोतलं पहिलं वर्ष त्यांच्या बाजूने बोललं: ५२.८ टक्के. संघाने धीर धरला, आक्रमणाचे प्रशिक्षक ब्रायन डेबोल यांनी त्याला साजेसा खेळ रचला, स्टेफॉन डिग्जसारखा रिसीव्हर आणला. २०२० मध्ये तो आकडा ६९.२ झाला. महोम्सलासुद्धा पहिलं वर्ष ॲलेक्स स्मिथच्या मागे बसून शिकायला मिळालं. ॲलनच्याच, २०१८ च्या ड्राफ्टमधला सॅम डार्नल्ड न्यूयॉर्क जेट्समध्ये वाया गेलेला म्हणून हिणवला गेला आणि २०२४ मध्ये मिनेसोटाकडून १४ सामने जिंकला.

ग्रीन बेचे जनरल मॅनेजर रॉन वुल्फ यांनी नव्वदीच्या दशकात वेगळीच वाट धरली होती. ब्रेट फार्व्हसारखा धडधाकट खेळाडू हाताशी असताना ते ड्राफ्टच्या खालच्या फेऱ्यांत जवळजवळ दरवर्षी एखादा क्वार्टरबॅक घेत. त्यातले मार्क ब्रुनेल, मॅट हॅसलबेक आणि ॲरन ब्रुक्स पुढे इतर संघांचे मुख्य क्वार्टरबॅक झाले. पारख चुकणारच हे धरून चालायचं आणि चूक स्वस्तात करायची, असा तो व्यवहार. आज हे फारसं कुणी करत नाही, कारण सरावाचा वेळ तुटपुंजा असतो आणि तो बहुतेक मुख्य क्वार्टरबॅकलाच जातो. पर्डीही तिसऱ्या नंबरावर बसून होता. आधी लान्सचा घोटा गेला, मग डिसेंबर २०२२ मध्ये त्याच्या जागी खेळणाऱ्या जिमी गारोपोलोचं पाऊल मोडलं, आणि तेव्हा कुठे तो मैदानात आला.