फॉरमॅट मारू नका

सकाळी ७.४५

"दादा, लॅपटॉप उघडतच नाहीये. रात्री अपडेट लागलं होतं, मध्येच लाइट गेली." फोन एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमधून, तिथला हिशेब बघणाऱ्या ताईंचा. आज जुलैची दहा तारीख. उद्या जीएसटीआर-१ भरायची शेवटची तारीख, आणि सगळी बिलं त्याच लॅपटॉपमधल्या टॅलीत.

पहिलं वाक्य मी नेहमी तेच बोलतो: "कुणालाही फॉरमॅट मारू देऊ नका." कारण तेवढ्यात कुणीतरी तो सल्ला दिलेला असतोच. इथेही दिला होता. अपडेट अडकल्याने बंद पडलेल्या लॅपटॉपमधला डेटा सहसा जागच्या जागी असतो. तो जातो तो माणसांच्या घाईने.

८.३०

नवलाख उंबरे गावात पाऊस धरून आहे. रस्त्याच्या एका बाजूला खाचरांत भाताची लावणी चालू, दुसऱ्या बाजूला कंपन्यांच्या बस उभ्या. मोठ्या कंपन्यांकडे स्वतःचं आयटी खातं असतं. त्यांना सुटे भाग करून देणाऱ्या शेडमध्ये मात्र बिलं, चलनं, ड्रॉइंग सगळं एकाच लॅपटॉपवर असतं, म्हणून तिथली अडचण मला जास्त मोठी वाटते.

८.५०

आधी जोडलेलं सगळं काढलं: प्रिंटरची वायर, माउस, पेनड्राइव्ह. विसरलेल्या पेनड्राइव्हवरून सुरू व्हायचा प्रयत्न करत अडून बसलेले लॅपटॉप मी पाहिले आहेत. चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, मग पुन्हा चार्जर लावला. पंखा फिरला, कंपनीचं चिन्ह आलं, खाली ठिपक्यांचं वर्तुळ फिरत राहिलं आणि पडदा काळा. पुन्हा तेच. म्हणजे यंत्र ठीक आहे, विंडोज अर्ध्यात अडकलंय. बॅटरी मात्र पार गेलेली; लॅपटॉप चार्जरवरच चालत होता, म्हणून रात्री लाइट गेली तशी अपडेटही तुटलं.

सुरू होताना दोन-तीनदा मुद्दाम बंद केलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा निळा पडदा पुढे करतं. तो आला. पण डिस्कला हात लावायचा तर बिटलॉकरची किल्ली मागितली: ४८ आकडे.

९.३०

"असली किल्ली आम्ही कधी केलीच नाही," ताई म्हणाल्या. खरं आहे त्यांचं. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचं खातं जोडलं की डिस्कला कुलूप आपोआप लागतं आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. लॅपटॉप आणला तेव्हा खातं कुणाचं जोडलं होतं? शेठच्या मुलाचं. तो चाकणला फर्स्ट शिफ्टला, आणि लाइनवर मोबाइल न्यायला बंदी. जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबणं आलं.

दुपारच्या गाडीचं ई-वे बिल तेवढ्यात शेठच्या घरच्या कॉम्प्युटरवरून काढलं. ते पोर्टलवरच निघतं, लॅपटॉपवाचून अडत नाही. मागच्या बिलाचा नंबर छापील प्रतीवरून घेतला.

११.००

थांबलेल्या वेळात शेठनी विचारलं, असं मोठ्या लोकांचं होतं का? होतं. १९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल आपल्या वेळेनुसार सकाळी ९.३९ ला सुटली आणि १०.५७ ला मागे घेतली गेली. तेवढ्यात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, जगभरातली ८५ लाख विंडोज मशीन पडली. आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिले. उपाय साधा होता: सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल काढायची. पण असंख्य मशीनपुढे माणसाला जाऊन बसावं लागलं, आणि कुलूप असेल तिथे आधी हीच ४८ आकड्यांची किल्ली शोधावी लागली. माझ्यासारखं काम करणाऱ्या किती जणांनी तो शनिवार-रविवार त्यात घातला असेल! त्यांचा मला आजही अभिमान वाटतो.

१२.४०

मुलाचा फोन आला. त्याच्या खात्यात तीन लॅपटॉपच्या किल्ल्या निघाल्या. पडद्यावरच्या ओळख-क्रमांकाची पहिली आठ अक्षरं जुळवून बरोबर ती निवडली. तो वाचत गेला, ताई लिहीत गेल्या, मी टाइप करत गेलो. सहा-सहा आकड्यांचे आठ गट, आणि प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. म्हणून पाचवा गट चुकीचा ऐकला गेला ते तिथल्या तिथे कळलं.

१.००

कुलूप उघडलं तरी दुरुस्तीला लागायचं नाही. आधी डेटा. काळ्या कमांडच्या खिडकीत 'नोटपॅड' टाइप केलं, फाइल उघडायच्या चौकटीत 'सर्व फाइली' निवडलं, आणि डिस्क समोर आली. इथे सी ड्राइव्ह कधी डी म्हणून दिसतो, घाबरायचं नाही. टॅलीचं डेटा फोल्डर, ड्रॉइंग, डेस्कटॉप सगळं कॉपी करून बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. ताई तोवर जेवल्या नव्हत्या. फोल्डरवरची कालची तारीख दाखवली तेव्हा त्यांनी डबा उघडला.

२.१५

अपडेट काढून टाकायचा पर्याय मेन्यूत असतो. तो चालला नाही. मग अर्धवट राहिलेले बदल मागे घ्यायची आज्ञा दिली. ती चालली. लॅपटॉप बराच वेळ 'बदल मागे घेत आहे' असं दाखवत राहिला. या वेळी बटणाला हात न लावणं हेच काम. सव्वातीनला लॉगिनचा पडदा आला. टॅली उघडलं, शेवटचं बिल जुळलं.

४.००

नवी बॅटरी बसवली. चार्ज झाल्यावर तेच अपडेट पुन्हा लावलं, नीट बसलं. किल्ली कागदावर लिहून चेकबुकच्या कपाटात ठेवली. बॅकअपची डिस्क रोज संध्याकाळी शेठच्या घरी जाईल असं ठरलं.

६.३०

घरी एक मुलगा वाट बघत होता, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा. त्याचाही लॅपटॉप अपडेटनंतर अडकला होता. दुसरीकडे नेला, तिथे फॉरमॅट करून नवं विंडोज टाकून दिलं. प्रोजेक्टचा अहवाल गेला. एसएसडीवर पुसलेल्या जागा आतून मोकळ्या होऊन जातात. जुन्या हार्डडिस्कसारखं खरवडून काही परत आणता येत नाही. हे त्याला स्पष्ट सांगितलं, खोटी आशा दिली नाही. मग त्याच्या मेलमधली पाठवलेली पत्रं चाळली. गाईड सरांना तपासायला पाठवलेला जुना मसुदा सापडला, पहिल्या चार प्रकरणांचा. शेवटचं प्रकरण त्याला नव्याने लिहावं लागेल. त्यातले तक्ते व्हॉट्सॲपवर मैत्रिणीकडे आहेत म्हणाला. तिला लगेच फोन लावला.