आहारविकारविषयक किशोरकादंबरी

आहारविकारविषयक किशोरकादंबरी हा किशोरवयीन वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या कथासाहित्याचा एक उपप्रकार आहे. जाणूनबुजून उपाशी राहणे, खाल्लेले ओकून टाकणे किंवा अनावर खाणे अशा विकाराने ग्रासलेली मुलगी (क्वचित मुलगा) आणि तिचे कुटुंब हा या कादंबऱ्यांचा विषय असतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस हा प्रकार अमेरिकेत इंग्रजी भाषेत रूढ झाला. मराठीत तो स्वतंत्र प्रकार म्हणून ओळखला जात नाही. परंतु ताट, भूक आणि घरातील माणसे यांचे नाते मराठी साहित्याला अपरिचित नाही.

संज्ञा

‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ ही संज्ञा इंग्रज वैद्य विल्यम गल यांनी १८७३-७४ च्या सुमारास प्रचारात आणली. १८७३ मध्येच फ्रेंच वैद्य शार्ल लासेग यांनी याच विकाराचे स्वतंत्रपणे वर्णन केले. लासेग यांनी रुग्णाबरोबर घरच्यांकडेही लक्ष दिले, हे त्यांच्या टिपणाचे वैशिष्ट्य होय. न खाणाऱ्या मुलीपुढे कुटुंबाजवळ विनवणी आणि धाक हे दोनच उपाय असतात आणि दोन्ही वापरून संपतात, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे शंभर वर्षांनी लिहिल्या गेलेल्या बहुतेक कादंबऱ्यांचे कथानक या एका निरीक्षणात सामावलेले आहे, असे म्हणता येईल. ‘बुलिमिया नर्व्होसा’ ही संज्ञा जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये दिली.

ॲनोरेक्सियासाठी मराठीत ‘क्षुधानाश’ हा शब्द योजला, तर तो फसवा ठरतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही ‘भूक नसणे’ असाच आहे. प्रत्यक्षात या विकारात भूक बहुधा नाहीशी होत नाही. रुग्ण तिच्याशी झुंजत असतो, आणि कादंबरीला विषय मिळतो तो या झुंजीमुळेच.

प्रमुख कादंबऱ्या

न्यूयॉर्कचे मानसोपचारक स्टीव्हन लेव्हेनक्रॉन यांची ‘द बेस्ट लिटल गर्ल इन द वर्ल्ड’ (१९७८) ही या प्रकारातील आरंभीची प्रसिद्ध कादंबरी. तिची नायिका फ्रान्सेस्का स्वतःला ‘केसा’ असे नवे नाव देते आणि जुन्या, आज्ञाधारक मुलीला जणू उपाशी ठेवते. १९८१ मध्ये या कादंबरीवर दूरचित्रवाणीपट निघाला. त्याच वर्षी आलेल्या डेबोरा हाउत्झिग यांच्या ‘सेकंड स्टार टू द राइट’ या कादंबरीत आई व मुलगी यांच्यातील अतिनिकट प्रेमाचा ताण आहे. तेथे घरात कोणीही दुष्ट नाही, आणि म्हणूनच ती अधिक अस्वस्थ करते.

लॉरी हाल्स अँडरसन यांची ‘विंटरगर्ल्स’ (२००९) ही या प्रकारातील सर्वाधिक चर्चिली गेलेल्या कादंबऱ्यांपैकी एक. अठरा वर्षांची लिया हिची मैत्रीण कॅसी एका मोटेलच्या खोलीत एकटीच मरण पावते. मरण्यापूर्वी तिने लियाला तेहतीस वेळा दूरध्वनी केलेला असतो आणि लियाने तो एकदाही उचललेला नसतो. लियाचे आईवडील विभक्त आहेत. आई हृदयरोगतज्ज्ञ असूनही मुलीपर्यंत पोहोचू शकत नाही, आणि वजन तपासणाऱ्या सावत्र आईला लिया फसवीत राहते. नायिकेच्या मनात आलेले पण तिने दडपलेले शब्द लेखिकेने खोडलेल्या स्वरूपात छापले आहेत. लोइस मेट्झगर यांच्या ‘अ ट्रिक ऑफ द लाइट’ (२०१३) या कादंबरीचा नायक मुलगा आहे आणि निवेदन करतो तो त्याच्या मनातील विकाराचा आवाज. हा विकार केवळ मुलींचा, या समजाला तिने छेद दिला.

कुटुंबाचे चित्रण

१९७८ मध्ये हिल्डे ब्रूख यांचे ‘द गोल्डन केज’ हे पुस्तक आणि साल्वादोर मिनुचिन व सहकाऱ्यांचा मनोकायिक कुटुंबांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. विकाराचे मूळ कुटुंबाच्या वागण्यात शोधण्याकडे त्या काळाचा कल होता, आणि आरंभीच्या कादंबऱ्यांतही दोष बहुधा आईच्या पदरी पडतो. १९८० च्या दशकात लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातून पुढे आलेल्या उपचारपद्धतीने ही दिशा बदलली. आईबाप हे विकाराचे कारण न मानता उपचारातले भागीदार मानावेत आणि आरंभी जेवणाची जबाबदारी त्यांनीच घ्यावी, असे ही पद्धत सांगते. जुनी कादंबरी वाचून आजच्या पालकांना दोषी धरणे म्हणूनच योग्य ठरत नाही.

टीका

या कादंबऱ्यांवरील मुख्य आक्षेप असा की वजनाचे व उष्मांकांचे आकडे आणि लपवाछपवीच्या युक्त्या दिल्याने त्या आजारी वाचकाच्या हाती मार्गदर्शिकेसारख्या पडतात. ‘विंटरगर्ल्स’बाबत हा वाद विशेष झाला. एकटेपणात अडकलेल्या मुलीला आपले दुःख कोणी शब्दांत मांडले आहे, याचा आधार वाटतो, असे समर्थक म्हणतात. आकडे गाळूनही यातना दाखविता येते, हे मात्र दोन्ही पक्षांना नाकारता येणार नाही.

मराठी व वऱ्हाडी संदर्भ

मराठी साहित्यात ताटाभोवतीचे घर प्रथम आठवते ते साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (१९३५) मध्ये. त्यातील अळणी भाजीच्या प्रसंगात वडील व मुले भाजीत मीठ नसल्याचे बोलत नाहीत; सर्वांमागून जेवायला बसलेल्या आईला ते स्वतःच्या घासावरून कळते. प्रेमापोटी पाळलेले मौन आणि शेवटी जेवणारी बाई या दोन्ही गोष्टी मराठी वाचकाला इतक्या ओळखीच्या आहेत की त्यांत काही तपासण्यासारखे आहे, हे सहसा जाणवत नाही.

वऱ्हाडातील कादंबरीत भुकेचे कारण बहुधा दारिद्र्य असते. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) मधील कौतिकचा संसार हे त्याचे ठळक उदाहरण. वाशिम जिल्ह्यातील लेखक नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ या कादंबरीला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्या केंद्रस्थानी दलित कुटुंबातील आईचा जगण्याचा झगडा आहे. १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम हा २०१८ मध्ये ‘आकांक्षित जिल्हा’ म्हणून निवडलेल्या महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांपैकी एक असून आरोग्य व पोषण हा त्या योजनेच्या मोजमापाचा महत्त्वाचा घटक आहे. जेथे अन्न मिळविणे हाच प्रश्न आहे, तेथे वाढलेले ताट मुलगी बाजूला सारते, ही गोष्ट घरच्यांना आजार वाटण्याऐवजी माज वाटण्याचा संभव असतो.

दुसरा आडोसा उपवासाचा. चतुर्थी, एकादशी, हरतालिका यांचे उपवास करणाऱ्या मुलीचे घरात कौतुक होते; त्या कौतुकाआड न खाण्याची सवय दीर्घकाळ दडून राहू शकते. उपवास हा विकार नव्हे. पारण्याच्या दिवशी ती मोकळेपणाने जेवते की नाही, हा पाहण्याचा मुद्दा आहे. १९९५ मध्ये दिल्लीतील मानसोपचारतज्ज्ञांनी पाच तरुण स्त्री रुग्णांविषयी लिहिताना अन्न नाकारणे व ओकारी ही लक्षणे नोंदविली. पाश्चात्त्य वर्णनांतील देहप्रतिमेची विकृती मात्र त्यांच्यात आढळली नव्हती. आरसा आणि वजनकाटा यांभोवती फिरणारे कथानक म्हणूनच येथील प्रत्येक मुलीला लागू पडेलच असे नाही. तिच्या न खाण्यामागे रूपाची चिंता नसून घरात न बोलता आलेली एखादी गोष्टही असू शकते.