'रिमिनो' : एका शब्दाची हकीकत

आमच्या एका वाचक भगिनीचा मुलगा रसायनशास्त्र शिकतो. त्याला पुस्तकात 'रिमिनोफेनाझिन' हा शब्द आढळला. फ्रेंच कोश पाहिला, इंग्रजी पाहिला, अर्थ कोठेच मिळेना; तेव्हा माउलीने आम्हांला विचारले. आम्ही काही रसायनशास्त्रज्ञ नव्हे. पण शोध घेता घेता आयर्लंडमार्गे थेट वर्ध्याला जाऊन पोहोचलो, म्हणून ही हकीकत सर्वांसाठी देत आहोत.

प्रथम शब्द फोडून पाहू. तीन षट्कोनी कड्या एका रांगेत एकमेकींना जोडलेल्या, आणि मधल्या कडीत समोरासमोर नायट्रोजनचे दोन अणू. हे झाले फेनाझिन. नायट्रोजनचा अणू कार्बनला दुहेरी बंधाने जोडलेला असला की त्याला 'इमिनो' म्हणतात. मग आरंभीचा 'र' कोठून आला? तो ग्रीकही नाही नि लॅटिनही नाही. नायट्रोजनवर कोणता अणुगट बसवायचा हे मोकळे ठेवायचे असेल, तेव्हा रसायनशास्त्रज्ञ तेथे 'आर' हे रोमन अक्षर लिहितात. पूजेच्या संकल्पात भटजी 'अमुक गोत्र, अमुक नाव' म्हणून जागा ठेवतात ना, तसाच हा 'आर'. तो 'इमिनो'ला जोडून उच्चारला की झाला 'रिमिनो'! कोशात सापडावा कसा?

हा शब्द डब्लिनचा. आयर्लंड हे बेट, आणि आपल्यासारखेच इंग्रजांच्या अमलाखाली राहिलेले. क्षयाने तेथे घरेच्या घरे ओस पाडली होती. 1908 साली कॉर्क शहरी जन्मलेले डॉ. व्हिन्सेंट बॅरी हे आयर्लंडच्या वैद्यकीय संशोधन मंडळाच्या, ट्रिनिटी कॉलेजातील प्रयोगशाळेत क्षयावर औषध शोधत होते. सुरुवात केली ती एका दगडफुलापासून. होय, आपल्या मसाल्यात पडते त्याच जातकुळीतले! त्यातील एका द्रव्यावर काम करता करता वाट बदलत गेली आणि गडद लाल रंगाच्या संयुगांचे एक कूळ हाती लागले. 'आर'च्या जागी कधी हा गट, कधी तो, असे शेकडो प्रयोग झाले. 1957 साली 'नेचर' नियतकालिकात या गटाने आपली 'रिमिनो' संयुगे जगापुढे मांडली. त्यांतील 663 क्रमांकाचे संयुग सर्वांत गुणकारी. त्यात 'आर'च्या जागी तीन कार्बनांचा आयसोप्रोपिल गट आहे. पुढे त्याला क्लोफाझिमीन हे नाव मिळाले. 'क्लो' क्लोरीनचा, 'फाझ' फेनाझिनचा. म्हणजे रिमिनोफेनाझिन हे आडनाव आणि क्लोफाझिमीन हे त्या घरातल्या एकाचे नाव. दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरू नयेत, एवढे त्या मुलाने ध्यानात ठेवावे.

उंदरांचा क्षय या औषधाने हटला, माणसांचा मात्र तेव्हा हटला नाही. पण कुष्ठरोगाचा जंतू क्षयजंतूचा भाऊबंद. 1962 साली नायजेरियात हे औषध कुष्ठरोग्यांना दिल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि गुण दिसला. जुने डॅप्सोन काही रोग्यांत निकामी ठरते, हे 1964 साली सिद्ध झाले होते. म्हणून 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेने डॅप्सोन, रिफाम्पिसिन आणि क्लोफाझिमीन अशी तीन औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. भारतात हा उपचार ज्या जिल्ह्यांत सर्वांत आधी सुरू झाला, त्यांत वर्धा होता. तोच वर्धा, जेथे मनोहर दिवाण यांनी 1936 साली दत्तपूरला कुष्ठधाम काढले आणि जेथे गांधीजींनी सेवाग्रामात परचुरे शास्त्रींच्या जखमा स्वतः धुतल्या.

आता दुसरी बाजू. औषधाचा लाल रंग चरबीत मुरतो. काही महिन्यांत कातडी तांबूस, मग काळपट होते, आणि चट्ट्यांवर तर सर्वांत जास्त. रोग बरा होत असतो, पण गावाला तोच अधिक दिसू लागतो! 'महारोगी' ही आपल्याकडे अजून शिवी आहे. अशा गावात नवऱ्या मुलीने रोजची ती गोळी कशी घ्यावी? रंगाच्या धास्तीने औषध टाकून देणारे रोगी डॉक्टरांना भेटत आले आहेत. त्यांना हट्टी म्हणणे आम्हांला पटत नाही. औषध थांबवल्यावर रंग उतरतो, परंतु त्यास महिने, कधी वर्षे लागतात. हे आधी समजावून सांगितले असते तर कित्येकांनी धीर धरला असता.

बॅरी 1975 साली वारले. 1980 साली युनेस्कोचे विज्ञान पारितोषिक त्यांच्या गटाला मिळाले. आणि ज्या क्षयासाठी हे औषध जन्मले, त्याच्याकडे ते अखेर परतले: साध्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर जागतिक आरोग्य संघटनेने 2016 साली सुचवलेल्या उपचारात क्लोफाझिमीन आहे. कातडीवर रंग कमी चढेल अशी या कुळातील नवी संयुगे शोधण्याचे काम प्रयोगशाळांत अजून चालू आहे.